पंखावरचा निळा डाग

खापरखेड्यात राहणाऱ्याला राख म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. वीज केंद्राच्या धुराड्यांकडून वारा वळला की गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया कोणी न सांगता घरात येतात. माठाचे झाकण उचलण्याआधी त्यावरून फडके फिरवायची सवय घरातल्या लहान पोरालाही असते, कारण झाकणावरची राख आत पडली की सगळे पाणी फेकावे लागते. झाकण उघडण्यापूर्वी ते पुसायचे, ही साधी सवय लहान विमानात इंधन भरणाऱ्याचा पहिला धडा आहे. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही तोच आहे.

खापरखेड्याहून निघून नागपूर शहर ओलांडले की दक्षिणेला सोनेगावचा विमानतळ लागतो. नागपूर फ्लाइंग क्लब इथलाच, १९४७ सालापासूनचा. वैमानिक होण्यासाठी आलेल्या पोरापोरींनी इथे ज्या विमानाशी पहिली ओळख करून घेतली, ते सेस्ना १५२. दोन माणसे शेजारी शेजारी बसतील एवढीच जागा, पुढे एक पंखा आणि डोक्यावर आडवा पसरलेला पंख. इंधनाच्या दोन टाक्या याच पंखात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. दोन्ही मिळून सुमारे ९८ लिटर. तासाला साधारण २२ ते २५ लिटर खपतात. टाकीचे तोंड पंखाच्या वरच्या अंगाला असल्यामुळे शिडीवर चढल्याशिवाय ते दिसतही नाही. मोटारीत पेट्रोल भरताना आपण जमिनीवर उभे असतो आणि सांडलेच तर ते जमिनीवर सांडते. इथे सांडलेले पेट्रोल पंखाच्या पत्र्यावरून ओघळत दारापर्यंत येते, खिडकीवर येते, खाली उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरही येते.

शिडी चढण्याआधी एक काम असते. विमानाच्या उघड्या धातूला, म्हणजे रंग नसलेल्या एखाद्या जागी, बहुतेक वेळा इंजिनाच्या धुराच्या नळीला, एक तार जोडायची. तारेचे दुसरे टोक इंधनाच्या पंपाला किंवा पिंपाला जोडलेले असते. पूर्वी रस्त्यावरून जाणाऱ्या पेट्रोलच्या टँकरमागे एक साखळी जमिनीवर घासत जायची, ती पाहिलेली माणसे अजून आहेत. त्या साखळीचे आणि या तारेचे काम एकच. पेट्रोल नळीतून वेगाने वाहते तेव्हा घर्षणाने त्यात स्थिर विजेचा भार साठतो. हिवाळ्याच्या कोरड्या रात्री लोकरीचा स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, बारीक ठिणग्या दिसतात, तशीच ठिणगी नळीचे धातूचे तोंड आणि टाकीचा काठ यांच्यामध्ये उडू शकते. नेमकी तिथेच पेट्रोलची वाफ सर्वांत दाट असते. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले की एका ठिणगीत सगळे पेटते. तार जोडली की विमान आणि पंप यांच्यातला विजेचा फरक मिटतो आणि ठिणगीला कारणच उरत नाही. म्हणून तार आधी आणि झाकण नंतर. काम संपल्यावर उलटे: आधी झाकण, मग तार.

खापरखेड्यातल्या अनेक घरांत वीज केंद्रात काम केलेली माणसे आहेत. कोळशाचा बॉयलर पेटवायला आधी तेल लागते, आणि ते तेल उतरवून घेण्याच्या जागी काडेपेटी खिशात ठेवायलाही मनाई असते, हे त्यांना ठाऊक आहे. तिथले तेल मात्र जड असते, सहज पेटत नाही. विमानाचे पेट्रोल तसे नाही. शून्याखाली सुमारे ४० अंशांनासुद्धा त्याची पेटणारी वाफ निघते. मोठ्या जेट विमानांचे इंधन हे एक प्रकारचे रॉकेलच. त्याची वाफ पेट घेण्याजोगी व्हायला निदान ३८ अंश तापमान लागते. अर्थात नागपुरात पारा ३८ वर जायला मार्चअखेरही पुरते, त्यामुळे आपल्याकडे रॉकेललाही गरीब समजून चालत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत सरपटत जाते, शिडीच्या पायाशी, विमानाच्या पोटाखाली साचते. वीस पावलांवर कोणी विडी पेटवली तर वाफ त्याच्यापर्यंत पोचलेली असू शकते.

प्लास्टिकचा डबा आणि प्लास्टिकचे नरसाळे या कामात नको असतात, तेही याच कारणाने. प्लास्टिकवर साठलेला भार तारेतून निघून जात नाही. धातूचा डबा, धातूचे नरसाळे आणि अंगावर नायलॉनऐवजी सुती कपडे, हे जुन्या माणसांचे नियम होते. ते अजून तसेच लागू आहेत.

आता इंधनाकडे येऊ. या पेट्रोलला ॲव्हगॅस म्हणतात आणि त्याच्या आज वापरात असलेल्या प्रकाराचे नाव १०० एलएल. पांढऱ्या काचेच्या पेल्यात घेतले तर ते फिकट निळे दिसते. हा निळा रंग त्याचा स्वतःचा नाही, तो मुद्दाम घातलेला असतो. पूर्वी विमानाच्या पेट्रोलचे अनेक प्रकार होते आणि प्रत्येकाला वेगळा रंग होता: ८० ऑक्टेनवाले लाल, जुने १००/१३० हिरवे, मोठ्या इंजिनांचे ११५/१४५ जांभळे. रंग पाहिला की कोणते इंधन हे कळायचे. जेटचे इंधन मात्र बिनरंगी किंवा गवताच्या काडीसारखे पिवळट असते. १०० एलएलमध्ये शिसे असते, लिटरमागे जास्तीत जास्त ०.५६ ग्रॅम. नावातल्या एलएलचा अर्थ ‘कमी शिशाचे’ असा असला, तरी हे प्रमाण कमी म्हणायचे ते फक्त जुन्या पेट्रोलच्या तुलनेत. हे पेट्रोल हाताला लागले तर कातडीतून आत शिरू शकते, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुणे ही शिस्त नसून गरज आहे. आपल्या देशात हे इंधन वर्षानुवर्षे परदेशातून आणावे लागत होते. इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात ते तयार करायला सुरुवात केली ती २०२२ साली.

इंधन पंपाच्या नळीने भरले जाते तसे डब्यानेही भरले जाते. दूरच्या धावपट्टीवर डबाच असतो. आणि सांडण्याची खरी कहाणी डब्यापासूनच सुरू होते. भरलेला डबा उचलून तोंड खाली केले की तो बुडबुड करतो, गचके खातो आणि प्रत्येक गचक्याला नरसाळ्याबाहेर शिंतोडे उडतात. असे का होते? डब्यातून एक पेला पेट्रोल बाहेर पडले की त्याच्या जागी एक पेला हवा आत जायला हवी. तोंड एकच असेल तर बाहेर येणारे पेट्रोल आणि आत जाणारी हवा त्याच एका दारात भांडतात. आळीपाळीने एकमेकांना ढकलतात, तेच ते गचके. आपला किराणा दुकानदार हे कधीचे जाणतो. तेलाचा पंधरा किलोचा डबा फोडताना तो समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन भोके पाडतो. एकातून तेल येते आणि दुसऱ्यातून हवा जाते. तेलाची धार मग दोऱ्यासारखी सरळ पडते.

पेट्रोलच्या डब्याला दुसरे भोक पाडता येत नाही, पण तेच काम दुसऱ्या रीतीने होते. डबा असा आडवा धरायचा की त्याचे तोंड वरच्या कडेला येईल, खालच्या नाही. मग हळूहळू कलवायचा. पेट्रोल तोंडाच्या खालच्या अर्ध्या भागातून वाहते आणि वरच्या अर्ध्या भागातून हवा मुकाट्याने आत जाते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे उलटे वाटते, कारण आपला हात सवयीने तोंड खाली करूनच डबा धरतो. एकदा पाण्याने भरलेल्या डब्यावर करून पाहावे. तोंड खाली ठेवून ओता, मग तोंड वर ठेवून ओता. फरक कानालाच कळतो.

डबा रिकामा होत आला की घाई करायची नसते. पेरणीच्या वेळी चाड्यावर मूठ धरणारा माणूस पाहिला असेल. पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत त्याच्या मुठीतून सारखेच बी सुटते, शेवटची सरी म्हणून तो मूठ सैल सोडत नाही. इंधन ओतणाऱ्या हाताला तसाच धीर लागतो.

नळीने भरताना अडचणी वेगळ्या. मोटारीच्या पेट्रोल पंपावर टाकी भरली की नळीचे बटण ‘टक’ करून आपोआप सुटते. लहान विमानाच्या नळीवर सहसा तशी सोय नसते आणि बटण अडकवून ठेवायचा खटकाही ठेवत नाहीत. हात दाबलेला असेल तोवर इंधन येणार, हात सुटला की थांबणार. म्हणजे टाकी कधी भरली हे माणसानेच ओळखायचे. नळाखाली घागर भरताना आपण तिच्यात डोकावत नाही. तळातला जाड आवाज चढत चढत बारीक झाला की घागर भरत आली हे चुलीपाशी बसूनही कळते, कारण घागरीतली हवेची पोकळी आखूड होत जाते तसा सूर वर चढतो. विमानाची टाकी मात्र पसरट असते. सूर बदलतो तो अगदी शेवटी, आणि मग एकदम. म्हणून कानावर विसंबायचे नाही. शेवटचे चार-पाच लिटर डोळा टाकीच्या तोंडावर ठेवून, धार बारीक करून भरायचे.

सर्वांत जास्त डाग पडतात ते भरताना नाही, भरून झाल्यावर. बटण सोडले तरी नळीच्या तोंडात घोटभर पेट्रोल उरलेले असते. माणूस नळी तशीच तिरकी ओढून घेतो आणि ते घोटभर पेट्रोल पंखावर रेघ ओढत जाते. जाणता माणूस बटण सोडल्यावर क्षणभर थांबतो, थेंब टाकीतच गळू देतो, मग नळीचे तोंड आकाशाकडे वळवतो, त्याखाली दुसऱ्या हातातले फडके धरतो आणि तेव्हाच नळी बाहेर काढतो. नळीचा पाइप तो पंखाच्या कडेवरून लोंबू देत नाही, खांद्यावरून घेतो. पाइपाची पितळी जोडणी पंखाच्या पुढच्या कडेला घासली तर पडणारा ओरखडा कुठल्याच साबणाने जात नाही. नळीचे वजनही तो टाकीच्या काठावर टाकत नाही, हातावर पेलतो.

इथे कोणी विचारेल की एवढे सगळे एका डागासाठी कशाला? पेट्रोल तर उडून जाते.

पेट्रोल उडून जाते, पण निळा रंग मागे राहतो. उन्हात तापलेल्या पत्र्यावर सांडलेले १०० एलएल काही क्षणांत वाळते आणि तिथे निळसर रेघ उमटते. पंखाच्या रंगावर ती फार काळ राहिली तर रंग मऊ पडतो, पिवळा होतो. हेच पेट्रोल खाली ठिबकून पुढच्या काचेवर आले तर नुकसान मोठे, कारण ती काच काच नसते, ॲक्रिलिक असते. पेट्रोलने त्यात बारीक तडे जातात आणि उन्हाकडे तोंड करून उतरताना त्या तड्यांतून वैमानिकाला समोरचे नीट दिसत नाही. जमिनीवर डांबर असेल तर पेट्रोल डांबरही विरघळवते. विमाने उभी करायच्या जागा सिमेंट काँक्रीटच्या करण्यामागे हेही एक कारण असते.

पण मला यापेक्षा मोठे कारण वेगळे वाटते. निळी रेघ ही विमानाची भाषा आहे. टाकीच्या जोडातून कुठे थेंबभर गळती सुरू झाली, एखादा रिव्हेट सैल झाला, खालचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह नीट बसला नाही, तर त्याची पहिली खूण म्हणजे पंखाच्या खालच्या अंगाला दिसणारा निळा डाग. उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारणारा वैमानिक तोच शोधत असतो. पंख स्वच्छ असेल तर काल नसलेला डाग आज आला आहे, हे त्याला दिसते. इंधन भरणाऱ्याने रोज शिंतोडे उडवून पंख निळा करून ठेवला असेल, तर खरी गळती त्या गर्दीत हरवते. पाहणारा म्हणतो, भरताना सांडले असेल. हे एक वाक्य धोक्याचे आहे. म्हणून सांडलेले ताबडतोब पुसायचे, पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन घ्यायचे. पुसतानाही आपल्याकडे एक काळजी जास्त घ्यावी लागते. पंखावर धूळ किंवा राख असेल तर कोरडे फडके घासायचे नाही, कारण राखेतले बारीक कण पॉलिश कागदासारखे रंग खरवडतात. आधी पाणी, मग फडके.

जास्त सांडले तर? तर पुसत बसायचे नाही. इंजिन सुरू करायचे नाही, विमानातले एकही विजेचे बटण दाबायचे नाही, बॅटरीचेसुद्धा नाही. माणसे दूर करायची, वाळू टाकायची आणि वाफ विरू द्यायची. पेट्रोल पंपावरच्या लाल बादल्यांतली वाळू शोभेसाठी नसते.

विदर्भाच्या उन्हाळ्यात काही न करताही इंधन सांडते. पेट्रोल तापले की फुगते, दर अंशाला सुमारे हजारावा भाग. मे महिन्यात पहाटे पाच वाजता २८ अंशांत सेस्नाच्या दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या आणि विमान उन्हात उभे राहिले, तर दुपारी ४३ अंशांना त्या ९८ लिटरचे जवळपास साडेनव्याण्णव होतात. वाढलेले दीड लिटर हवेच्या नळीतून बाहेर येते आणि पंखाखाली ठिबकत राहते. जागा थोडी उताराची असेल तर आणखी. सेस्ना १५२ च्या दोन्ही टाक्या आतून जोडलेल्या असल्याने वरच्या पंखातले इंधन खालच्या पंखाकडे सरकते. यावर उपाय सोपा आहे: विमान सपाट जागी उभे करायचे आणि लगेच उडायचे नसेल तर काठोकाठ भरायचे नाही. काठोकाठ भरायचेच असेल तर एक टाकी, मग दुसरी, आणि पुन्हा पहिली पाहायची, कारण तेवढ्या वेळात तिच्यातले थोडे पलीकडे गेलेले असते.

भरण्याआधी किती भरायचे हे ठरवावे लागते, त्याचे आणखी एक कारण वजन. ॲव्हगॅसचा लिटर सुमारे ७२० ग्रॅम भरतो. ९८ लिटर म्हणजे सत्तर किलो, एक धडधाकट माणूस. सेस्ना १५२ ला उड्डाणाच्या वेळी ७५७ किलोची मर्यादा आहे. दोन भरलेल्या अंगाची माणसे आणि भरलेल्या टाक्या हे त्याला अनेकदा जमत नाही.

पाण्याचे संकट वेगळे. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी बसते आणि पहिल्यांदा इंजिनाकडे तेच जाते. आपल्याकडे ॲव्हगॅस बऱ्याच ठिकाणी २०० लिटरच्या पिंपांतून येतो. पिंप उभे ठेवले की पावसाचे पाणी वरच्या खोलगट पत्र्यावर साचते. दिवसा पिंप तापते, आतली हवा बुचातून बाहेर पडते. रात्री गार झाले की पिंप श्वास घेतल्यासारखे आत ओढते आणि हवेऐवजी पाणी ओढून घेते. म्हणून पिंप आडवे ठेवायचे, दोन्ही बुचे घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी येतील असे. मग बुचे आतून पेट्रोलात बुडलेली राहतात आणि त्यांच्यावर पाणी साचत नाही. उपसायच्या वेळी पिंप किंचित तिरके करायचे आणि पंपाची नळी तळापासून चार बोटे वर ठेवायची. तळाचे ते तळाला राहू द्यावे.

भरून झाल्यावर काही वेळ थांबून टाकीखालच्या व्हॉल्व्हमधून पेलाभर इंधन काढून पाहतात. निळ्या द्रवाच्या तळाशी बिनरंगी मणी लोळताना दिसला तर ते पाणी. ते दिसेनासे होईपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचे. सगळा पेला बिनरंगी दिसला तर दोनच शक्यता: एक तर सगळेच पाणी आहे किंवा भलतेच इंधन भरले आहे. हा पेला धावपट्टीच्या कडेला भिरकावून द्यायचा प्रघात होता, तो वाईट होता. त्यात शिसे आहे. त्यासाठी वेगळा डबा ठेवावा.

भलतेच इंधन कसे भरले जाते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे. बॉब हूवर हा तिथला थोर वैमानिक. १९७८ साली त्याच्या पेट्रोलवर चालणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानात एका तरुण कामगाराने जेटचे रॉकेल भरले. तसेच दिसणारे टर्बाइनचे विमान असते, त्यामुळे गल्लत झाली. उड्डाणानंतर थोड्याच उंचीवर दोन्ही इंजिने बंद पडली. हूवरने विमान कसेबसे खाली उतरवले आणि तिघेही वाचले. परत आल्यावर त्याने त्या मुलाला रागावले नाही, उलट आपल्या दुसऱ्या विमानात उद्या तूच इंधन भर असे सांगितले. त्यानंतर जेटच्या नळीचे तोंड रुंद, चपटे करण्यात आले आणि पेट्रोलच्या टाकीच्या तोंडात अरुंद कडे बसवण्यात आले, म्हणजे चुकीची नळी आत जाऊच नये. चूक करणाऱ्या हातावर विश्वास ठेवायचा आणि चूक होऊ शकेल ती जागा बंद करायची, हूवरची ही रीत मला कोणत्याही शिक्षेपेक्षा मोलाची वाटते.

आपल्याकडे इंधन भरणाऱ्यांची नावे इतिहासात नोंदली गेली नाहीत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादला थांबून जुहूला उतरले. अहमदाबादला त्यांच्या पुस मॉथ विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. विमानाची गोष्ट सगळे सांगतात, बैलगाडी हाकणाऱ्याची आणि डबे ओतणाऱ्याची कोणी सांगत नाही. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली चार विमाने मध्यरात्रीनंतर नागपुरात एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. ती डाकोटा विमाने पेट्रोलचीच होती, एकेकाच्या टाक्यांत सुमारे तीन हजार लिटर मावत. सोनेगावच्या अंधारात, पंखावर चढून, घड्याळावर एक डोळा ठेवून त्या टाक्यांकडे पाहणारी माणसे नागपूरचीच असणार. देशाची पत्रे सकाळी वेळेवर पोचली, त्यात त्यांचा वाटा आहे.

शेवटची गोष्ट झाकणाची. इंधन भरले, पंख पुसला, पेला पाहिला, तरी झाकण फिरवून घट्ट बसल्याची खात्री हाताने करावी लागते. उडताना पंखाच्या वरच्या अंगाला हवेचा दाब कमी असतो. झाकण सैल असेल तर तो टाकीतले पेट्रोल वर ओढून बाहेर फेकतो आणि झाकणापासून पंखाच्या मागच्या कडेपर्यंत निळी रेघ उमटते. सेस्नाचा पंख वैमानिकाच्या डोक्यावर असतो. आत बसलेल्याला ती रेघ दिसत नाही.